काठापासून सडकेपर्यंत : नावेच्या जोडीला विजेची गाडी

नावेतून उतरल्यावर गाव, बाजार किंवा एसटीचा थांबा गाठण्यासाठी जे अंतर कापावे लागते, ते कापण्याची सोय म्हणजे काठावरची वाहतूक. समुद्रकिनारी ही सोय बंदराचाच एक भाग मानली जाते. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या काही बोटींच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस धरलेली असते; घारापुरीच्या धक्क्यावर पर्यटकांसाठी छोटी झुकझुक गाडी धावते. नद्या आणि धरणांच्या जिल्ह्यात मात्र धक्का नसतो, बस नसते, आणि नाव लागते तिथून पक्की सडक किती लांब आहे हे महिन्यागणिक बदलते. या बदलत्या अंतरासाठी विजेवर चालणारी सायकल किंवा स्कूटर कितपत कामाची आहे, हे यवतमाळ जिल्ह्याच्या पाण्याकडे पाहिले की नीट कळते.

जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर आणि तालुके १६. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी जिल्ह्याची सीमा बरीचशी पाण्यानेच आखलेली आहे. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा नदी, तिच्या पलीकडे वर्धा, चंद्रपूर. दक्षिणेला पैनगंगा, तिच्या पलीकडे हिंगोली, नांदेड आणि तेलंगणातील आदिलाबाद. या दोन्ही नद्यांचा संगम वणी तालुक्यातील जुगाद आणि चंद्रपूर जिल्ह्यातील वढा यांच्यामध्ये होतो. आतल्या भागात पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा या नद्या आहेत आणि त्यांच्यावर धरणे आहेत. पुसदजवळच्या पूस धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ९१ दशलक्ष घनमीटर, दिग्रसजवळच्या अरुणावतीचा सुमारे १७०, बाभूळगाव तालुक्यातील बेंबळा प्रकल्पाचा सुमारे १८४. पैनगंगेवरचे इसापूर धरण या सर्वांपेक्षा कितीतरी मोठे, सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटरांचे. त्याचा जलाशय यवतमाळ आणि हिंगोली या जिल्ह्यांच्या सीमेवर पसरला आहे.

या पाण्यावर नाव चालवणारे बहुतेक लोक हौसेने चालवत नाहीत. भोई, ढिवर, कहार समाजांतील मच्छीमार संध्याकाळी जाळी लावतात, पहाटे काढतात आणि ऊन चढण्याआधी रोहू, कटला, मृगळ बाजारात पोचवायच्या घाईत असतात. बर्फ हाताशी नसेल तर ही घाई थेट पैशांत मोजली जाते. ज्यांची शेते धरणाच्या पाण्यामुळे पलीकडे पडली, त्यांना सडकेने मोठा वळसा घालण्यापेक्षा नावेने जाणे जवळचे पडते. नदीकाठच्या गावांतील सोयरिकी, जत्रा, दवाखाना यांसाठीही माणसे पलीकडे जातात. सरकारी खात्यांच्या बोटी वेगळ्याच. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगरला पुराचा वेढा पडला, तेव्हा राज्य आपत्ती प्रतिसाद दलाला अडकलेली माणसे बोटींतून बाहेर काढावी लागली.

एकाच जागी परतणे आणि पलीकडे जाणे

काठावरच्या वाहनाचा विचार करताना सर्वांत आधी पाहायचे ते हे, की नाव जिथून सुटते तिथेच परत येते की दुसऱ्या काठाला लागते. वरवर किरकोळ वाटणारा हा फरक पुढचे सगळे ठरवतो.

मच्छीमाराची फेरी पहिल्या प्रकारची. तो निघतो त्याच ठिकाणी परततो, म्हणून त्याची गाडी काठावर उभी राहून वाट पाहू शकते. तिला नावेत चढवायची गरज नाही, आणि बहुतेक वेळा ते शक्यही नाही. विदर्भातल्या तलावांवर मासेमारी अरुंद डोंग्यातून चालते, कित्येकदा ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून. त्यावर एक माणूस, जाळे आणि मासळीची पिशवी मावली तरी पुष्कळ. अशा माणसासाठी प्रश्न नावेत गाडी बसेल का हा नसून, निर्जन काठावर सोडलेली गाडी जागेवर राहील का, हा आहे. इथे काढता येणारी बॅटरी कामाला येते. विजेच्या सायकलची बॅटरी साधारण अडीच-तीन किलोची असते. ती काढून बरोबर नेली किंवा ओळखीच्या घरी ठेवली, की उरलेल्या जड सायकलीत चोराला फारसा रस राहत नाही. बॅटरी नावेत न्यायची असेल तर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात ठेवावी. नाव कलंडली तरी पिंप तरंगते. पिंपावर ओले पोते टाकले की आत उष्णता साचत नाही.

पलीकडे जाणाऱ्याचे तसे नाही. त्याला गाडी दुसऱ्या काठावर हवी असते. त्याने एक तर गाडी नावेत घालून न्यावी, किंवा पलीकडे दुसरी ठेवावी, किंवा तिथे भाड्याने मिळावी. कोकणात खाड्यांवर हा प्रश्न मोठ्या फेरीबोटींनी सोडवला. २००३ मध्ये दाभोळ ते धोपावे अशी वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि वाशिष्ठीच्या खाडीला घालावा लागणारा वळसा टळला. पुढे जयगड, वेसवी, दिघी अशा ठिकाणीही तशा फेऱ्या आल्या. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते आणि तिच्यात मोटारींबरोबर दुचाकीही चढतात. कोयनेच्या शिवसागरात तापोळ्याला जीपगाड्या तराफ्यावरून पलीकडे जातात. यवतमाळच्या जलाशयांवर एवढी वर्दळ नाही, त्यामुळे असा तराफा परवडण्याजोगा नाही. म्हणूनच इथे गाडीचे वजन हा कळीचा मुद्दा होतो.

सरकणारा काठ

खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते-उतरते, पण धक्का जागच्या जागी असतो. धरणाचे पाणी वर्षातून एकदाच चढते-उतरते, आणि काठ स्वतःच उठून चालू लागतो. यवतमाळसारख्या जिल्ह्यात काठावरच्या वाहतुकीची खरी अडचण हीच आहे, आणि गाडी विकणाऱ्या कोणत्याही पत्रकात ती सापडत नाही.

हिशेब सोपा आहे. जलाशयाच्या तळाचा उतार शंभरास एक असेल, म्हणजे शंभर मीटर चालल्यावर जमीन एक मीटर खाली जात असेल, तर पाण्याची पातळी एक मीटर उतरली की काठ शंभर मीटर मागे हटतो. ऑक्टोबर ते मे या काळात सिंचन, पिण्याचे पाणी आणि बाष्पीभवन यांमुळे पातळी पाच मीटर उतरली, तर नाव लागण्याची जागा अर्धा किलोमीटर पुढे जाते. दख्खनच्या सपाट मैदानातले मातीचे धरण असेल तर उतार याहूनही कमी असू शकतो, आणि अंतर तितके वाढते. धरणाच्या भिंतीजवळ, जिथे पाणी खोल आणि उतार तीव्र, तिथे हा फरक थोडा पडतो. शेपटाकडे, म्हणजे जिथे मच्छीमार आणि पलीकडचे शेतकरी प्रत्यक्षात नावा लावतात, तिथे तो सर्वांत जास्त.

या उघड्या पडलेल्या पट्ट्याला गाळपेर म्हणतात. पाणी ओसरेल तसतसा हरभरा, गहू, भाजीपाला तिथे पेरला जातो, आणि नदीच्या रेतीत डांगरवाड्या लागतात. म्हणजे काठावर जाणारी वाट दरवर्षी नवी पडते, आणि तीही कोणाच्या तरी पिकाच्या कडेने. पावसाळा संपताना हा पट्टा ओल्या काळ्या मातीचा असतो. ती चाकाला, मडगार्डला, साखळीला अशी चिकटते की चाक फिरायचेच थांबते. फेब्रुवारीनंतर तीच माती दगडासारखी होते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मध्ये दोन-अडीच महिने काय ते सायकल सुखाने जाईल अशी जमीन मिळते.

त्यावर काटे. जलाशयांच्या कडेने बाभूळ आणि बेशरमाची झुडपे माजलेली असतात. बेशरम वाट अडवते, बाभूळ चाक फोडते. बाभळीचा वाळलेला पांढरा काटा सायकलच्या टायरमधून सहज आरपार जातो. विजेची सायकल वजनाने जड असल्यामुळे तिच्या टायरवर दाब जास्त आणि पंक्चरही जास्त. शिवाय मोटर मागच्या चाकाच्या मध्यभागी बसवलेली असेल तर चाक काढणे म्हणजे नटाबरोबर विजेची तार सोडवणे, आणि हे काम पहाटेच्या अंधारात काठावर होत नाही. म्हणून ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारे द्रव आधीच भरून ठेवणे, किंवा चाक न काढता ट्यूब अर्धी बाहेर ओढून ठिगळ लावायची जुनी पद्धत हाताला असणे, हे मोटर किती वॅटची आहे यापेक्षा महत्त्वाचे ठरते.

वजन, ताकद आणि नाव

बाजारात आज ढोबळमानाने तीन प्रकारच्या गाड्या मिळतात. उभे राहून चालवायची घडीची किक-स्कूटर बारा ते पंधरा किलोची असते आणि तिची चाके आठ-दहा इंचांची. शहरातल्या गुळगुळीत फरशीसाठी ती बनलेली आहे. पांदण रस्त्यावर पहिल्याच चाकोरीत ती माणसाला पुढे फेकते. यवतमाळच्या काठाशी तिचा संबंध नाही, एवढे म्हणून तिला सोडून देता येते. दुसरी विजेची सायकल, वीस ते पंचवीस किलोची, पॅडल मारता येणारी. तिसरी नेहमीची ई-स्कूटर, खेड्यातल्या बोलीत चार्जिंगवाली गाडी. हिचे वजन शंभर ते सव्वाशे किलो. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या इलेक्ट्रिक चेतकपासून पुढे अशा गाड्या तालुक्याच्या गावांतही दिसू लागल्या.

नावेत चढवायच्या दृष्टीने या वजनांचा अर्थ असा. चार मीटर लांब आणि एक मीटर रुंद, सपाट बुडाच्या लाकडी किंवा फायबरच्या नावेचा पाण्याला टेकलेला पृष्ठभाग चार चौरस मीटर धरला, तर दर शंभर किलोला ती अडीच सेंटिमीटर खाली बसते. पासष्ट किलोचा माणूस आणि पंचवीस किलोची सायकल मिळून सव्वादोन सेंटिमीटर. तोच माणूस एकशेवीस किलोच्या स्कूटरसह साडेचार सेंटिमीटर. नुसत्या बुडण्याच्या हिशेबाने दोन्ही चालून जावे. पण नाव बुडते ती बहुधा खाली बसून नव्हे, कलंडून. स्कूटर स्टँडवर उभी केली की तिचा भार नावेच्या काठाच्या वर येतो, आणि एका बाजूच्या माणसाने जागा बदलली तरी सगळा तोल जातो. अरुंद डोंग्यात तर स्कूटर चढवण्याचा विचारही करू नये. सायकल मात्र आडवी निजवता येते, दोरीने बांधता येते, आणि वेळ पडली तर पाण्यात सोडून देता येते. सव्वाशे किलोची गाडी कोणी पाण्यात ढकलत नाही. तिला वाचवायच्या धडपडीत माणूस जातो.

दुचाकी न्यायचीच असेल तर दोन नावा शेजारी बांधून वर फळ्या टाकणे हा उपाय नदीकाठी जुना आणि चांगला आहे. रुंदी वाढल्याने कलंडण्याचा धोका बराच कमी होतो. गाडी फळ्यांच्या मधोमध, चाकांना अडण लावून, आणि चालवणारा गाडीवर न बसता बाजूला, असा साधा नियम. वाऱ्याचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण दगावले. हीच वर्धा पुढे यवतमाळची सीमा होते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाची वावटळ सुटते, तेव्हा गाडी घेऊन जलाशय ओलांडण्याची वेळ सकाळची असावी आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे.

ताकदीचे गणितही तपासण्यासारखे आहे. पासष्ट किलोचा माणूस, पंचवीस किलोची सायकल आणि तीस किलो मासळी मिळून एकशेवीस किलो. सपाट डांबरी रस्त्यावर हे ओझे ताशी वीस किलोमीटर वेगाने न्यायला साधारण सव्वाशे ते दीडशे वॅट पुरतात. अडीचशे वॅटची मोटर आरामात नेते. पण नदीचा काठ चढताना दहा मीटरला एक मीटर अशी चढण लागली, तर माणूस चालतो त्या ताशी सहा किलोमीटर वेगालाही केवळ चढणीसाठी सुमारे दोनशे वॅट लागतात. त्यात भुसभुशीत रेतीचा अडथळा धरला की आकडा दुप्पट होतो. म्हणजे रेतीतून काठ चढताना उतरून सायकल ढकलणे आलेच. बऱ्याच सायकलींत ढकलताना मोटर हळू फिरत राहण्याची सोय असते, आणि काठावरच्या माणसाला गाडीच्या वेगापेक्षा या सोयीचा उपयोग अधिक.

मासळी नेणाऱ्याने आणखी एक बघावे. काही सायकलींत बॅटरी मागच्या कॅरियरखाली बसवलेली असते. क्रेटमधून गळणारे पाणी, खवले, चिकट पाणी सगळे थेट तिच्या जोडणीवर पडते. चौकटीच्या तिरप्या नळीवर बसणारी बॅटरी या कामाला बरी. भारही मग पुढे-मागे नीट वाटला जातो, नाहीतर तीस किलोचे क्रेट मागे उंचावर ठेवलेली सायकल रेतीत पुढचे चाक उचलू पाहते.

एवढे सगळे पाहिल्यावर निष्कर्ष उघड होतो. गाळपेरीतून, काठावरून आणि नावेतून जाणारे काम सायकलचे. स्कूटर पक्क्या सडकेवर उभी राहून बाजारापर्यंतचे दहा-वीस किलोमीटर तोडायला चांगली. दोन्ही कामे एकाच गाडीकडून करून घ्यायची म्हटली की जड गाडी चिखलात रुतते, नाहीतर हलकी गाडी महामार्गावर ट्रकांच्या मध्ये सापडते. परदेशांतही नाववाल्यांची निवड याच दिशेने गेलेली दिसते. ब्रिटनच्या कालव्यांतील अरुंद नावांवर राहणारे लोक वर्षानुवर्षे छतावर किंवा आत घडीची सायकल ठेवत आले. अँड्र्यू रिची यांनी १९७० च्या दशकात आखलेली ब्रॉम्प्टन ही घडीची सायकल त्यांच्यात लोकप्रिय आहे, आणि पुढे तिच्यावर मोटर बसली तरी तिचा घडी होण्याचा गुण कायम राहिला.

वीज कुठून आणायची

विजेच्या सायकलची सामान्य बॅटरी ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची, म्हणजे ३६० वॅट-तासांची. पॅडल मारत सडकेवर किलोमीटरला दहा वॅट-तास लागले तर ती तीस-पस्तीस किलोमीटर चालते. चिखल आणि रेतीत निम्मी. भरायला एक युनिटसुद्धा लागत नाही. स्कूटर किलोमीटरला साधारण तीस वॅट-तास खाते, म्हणजे शंभर किलोमीटरला तीन युनिट आणि वरचा थोडा अपव्यय. लिटरला पन्नास किलोमीटर देणाऱ्या पेट्रोलच्या दुचाकीला त्याच अंतरासाठी दोन लिटर जाळावे लागते. खर्चाची तुलना वाचकाने आपल्या वीजबिलावरून करावी.

पण काठावर खांब नसतो. शेतीपंपांच्या लाइनवर वीज ठरावीक तासांनाच, पाळीपाळीने येते, आणि आकडा टाकून चार्जर लावणे गुन्हा तर आहेच, शिवाय चढ-उतार होणाऱ्या दाबामुळे चार्जर जळण्याची हमखास सोय. घारापुरी बेटाला समुद्राखालून केबल टाकून वीज पोचायला फेब्रुवारी २०१८ उजाडले. त्याआधी तिथे अशा गाड्यांचा विचारही होऊ शकला नसता. यवतमाळच्या गावांत वीज आहे, ती काठापर्यंत न्यायची तेवढी गरज नाही: बॅटरी काढून घरी आणावी, रात्री भरावी, पहाटे परत लावावी. स्कूटरच्या बाबतीत सगळ्याच गाड्यांची बॅटरी काढता येत नाही. काढता येते तिथेही एकेक पेटी दहा-अकरा किलोची असते, तेव्हा खरेदीपूर्वी हे विचारून घेतलेले बरे.

मासेमारी संस्थेची झोपडी काठावर असेल तर सौरपटल हा नीट विचार करण्याजोगा मार्ग आहे. शंभर वॅटचे पटल निरभ्र दिवशी चार-साडेचार तासांच्या पूर्ण उन्हाइतकी वीज देते. नियंत्रकातली गळती वजा केली तर एका सायकलची बॅटरी दिवसाला जवळपास भरते. पटल बारा व्होल्टचे आणि बॅटरी छत्तीसची असल्यामुळे मध्ये दाब वाढवणारा योग्य चार्जर लागतो, तार थेट जोडायची नसते. याच बॅटरीवर नावेची छोटी विजेची मोटर चालवण्याचा मोह काहींना होतो. त्या मोटरी बहुधा बारा व्होल्टच्या असतात. सायकलची बॅटरी त्यांना जोडली की एक तर मोटर जाते किंवा बॅटरी. नाव स्वतः विजेवर चालवणे अर्थात शक्य आहे आणि केरळात ते रुळलेही आहे. जानेवारी २०१७ मध्ये वैकम ते तवणकडवू या मार्गावर ‘आदित्य’ ही देशातील पहिली सौर फेरी सुरू झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये कोची वॉटर मेट्रोच्या विजेच्या बोटी धावू लागल्या. तिथे धक्क्यावरच भरण्याची सोय केलेली आहे, कारण पाण्याची पातळी धक्क्याला सोडून जात नाही.

यवतमाळचा उन्हाळा हा बॅटरीचा मोठा शत्रू. लिथियम बॅटऱ्या साधारणपणे शून्य ते पंचेचाळीस अंश तापमानातच भरायच्या असतात, आणि मे महिन्यात इथला पारा सावलीतच पंचेचाळीसपर्यंत जातो. उन्हात उभ्या गाडीची बॅटरी त्याहून तापते. तशी गरम बॅटरी लगेच चार्जरला लावली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. काही गाड्या अशा वेळी भरणेच नाकारतात आणि मालक समजतो की चार्जर बिघडला. घरी आणल्यावर तास-दोन तास गार होऊ देऊन मग लावावी. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या पेशी उष्णता जास्त सोसतात आणि पेटण्याचा धोका त्यांत कमी असतो. वजनाला किंचित भारी असल्या तरी या हवामानात त्याच पसंत कराव्यात. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात अनेक ठिकाणी ई-स्कूटरना आगी लागल्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक कडक करून त्याच्या सुधारणा डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ पासून दोन टप्प्यांत लागू झाल्या. नावेत बसून बॅटरी कधीही भरू नये, कारण पेटलेल्या लिथियम बॅटरीपासून पळून जायला तिथे जागा नसते.

पाण्याबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. बॅटरीवर आयपी ६७ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवल्यास पाणी शिरत नाही, एवढाच. ही चाचणी त्या बंद पेटीची असते, गाडीतल्या प्रत्येक जोडणीची, कंट्रोलरची आणि बेअरिंगची नव्हे. वाहत्या ओढ्यातून गाडी घालायचा परवाना त्या अक्षरांत नाही. गोड्या पाण्यात कोकणासारखा खारेपणा नसल्यामुळे तारा गंजण्याचा वेग कमी असतो, पण गाळ आत शिरला की तो तिथेच राहतो. चिखल वाळल्यावर ब्रशने झाडावा आणि ओल्या फडक्याने पुसावा. गॅरेजमधल्या जोरदार फवाऱ्याने धुण्याने पाणी नको तिथे जाते.

परवाने

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम २(यू) नुसार ज्या विजेच्या दुचाकीच्या मोटरची अर्ध्या तासाची शक्ती पाव किलोवॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी पंचवीस किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन साठ किलोपर्यंत आहे, ती मोटार वाहन समजली जात नाही. तिला नोंदणी नको, चालवणाऱ्याला परवाना नको. त्यापुढच्या प्रत्येक गाडीला नोंदणी, विमा आणि परवाना लागतो. दुकानात ‘लायसन लागत नाही’ म्हणून दिलेली आणि प्रत्यक्षात ताशी चाळीसने धावणारी गाडी अपघातानंतर मालकाला महागात पडते. त्या वेळी विमा नसल्याचे कळून उपयोग नसतो. राज्याचे विद्युत वाहन धोरण प्रथम २०१८ मध्ये, मग २०२१ मध्ये आणि त्यानंतर २०२५ मध्ये जाहीर झाले. सवलती धोरणागणिक बदलत आल्या आहेत, म्हणून खरेदीच्या दिवशी लागू असलेलीच सवलत धरावी.

नावेचा कायदा वेगळा. १९१७ चा अंतर्देशीय जलयान कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला. त्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या नावांना नोंदणी, तपासणी प्रमाणपत्र आणि विमा हवा. भाडे घेऊन माणसे आणि दुचाकी पलीकडे नेणारा नावाडी या चौकटीत येतो. धरणाच्या भिंतीवरून आणि सांडव्यावरून गाडी नेणे मात्र सोयीचे दिसले तरी टाळावे. तो भाग प्रतिबंधित असतो आणि तिथे सिंचन खात्याची परवानगी लागते.

पावसाळ्यात गाडी ठेवणे

जूनच्या शेवटी काळी माती फुगू लागली की काठावर सायकल नेणे जवळपास थांबते. त्याच सुमारास जलाशय भरू लागतात आणि काठ पुन्हा सडकेच्या दिशेने सरकतो, म्हणून गरजही कमी होते. पुढचे दोन-तीन महिने गाडी बहुधा घरी उभी राहते. अशा वेळी बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नये; निम्म्याच्या आसपास भरलेली बॅटरी काढून कोरड्या, थंड जागी, लाकडी फळीवर ठेवावी आणि महिन्यातून एकदा तपासून कमी झाली असेल तर थोडी भरावी. चार्जर तिला कायम जोडून ठेवू नये. पूररेषेत घर असेल तर गाडी आणि बॅटरी दोन्ही उंचावर हलवणे ही जुलैपूर्वीची तयारी. पुराच्या पाण्यात बुडून निघालेली बॅटरी वरून कोरडी दिसली तरी आत पाणी राहिलेले असू शकते आणि ती नंतर कित्येक दिवसांनीही पेट घेऊ शकते. ती न भरता घराबाहेर, गोठ्यापासून आणि कडब्यापासून दूर ठेवून कंपनीच्या माणसाला दाखवावी. साखळीला तेल, ब्रेकच्या तारांना ग्रीस आणि टायरमध्ये थोडी हवा एवढे केले की ऑक्टोबरनंतर पाणी उतरून चिखल सुकू लागल्यावर सायकल पुन्हा काठावर नेता येते. मात्र वाट आधी पायी पाहून घ्यावी लागते, कारण गेल्या वर्षीची वाट गाळाखाली गेलेली असते.